पाठांतरात गळलेली माणसे

परमेश्वराच्या दहा आज्ञा पाठ नाहीत असा ख्रिस्ती माणूस सहसा आढळावयाचा नाही. परंतु त्या मोजाव्यात कशा, याविषयी मात्र सर्व ख्रिस्ती जनांचे एकमत आहे असे म्हणता येत नाही. सोलापुरात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट ग्रंथांतून शिकावी लागत नाही. ती त्याला शेजारधर्मातच कळते. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील मंडळी या शहरात एकोणिसाव्या शतकापासून नांदत आहे आणि आम्हां कॅथलिकांची घरेही तिच्या आसपासच विखुरलेली आहेत. एकमेकांच्या लग्नकार्यात आम्ही वाढपाला उभे राहतो, नाताळात फराळाची ताटे इकडून तिकडे जातात, मुले एकाच शाळेच्या बाकावर बसतात. मग केव्हातरी धर्मशिक्षणाच्या वर्गातून परतलेले आमचे मूल विसाव्याच्या दिवसाची आज्ञा तिसरी म्हणून सांगते आणि शेजारच्या घरचे मूल तितक्याच ठामपणे ती चौथी असल्याचे सांगते. आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा इकडे चौथी, तर तिकडे पाचवी. मनुष्यहत्येच्या निषेधाची इकडे पाचवी, तर तिकडे सहावी. मुलांचे भांडण मुलांतच मिटते; पण एखाद्या वेळी वडीलधाऱ्यांपैकी कोणी हसत हसत म्हणून जाते, "तुमच्या लोकांनी मूर्तीची आज्ञा गाळली की हो! मग दहाचा हिशेब जुळवायला शेवटचीचे दोन तुकडे केले." हसण्यावारी नेलेले हे वाक्य मनात कुसळासारखे रुतून राहते, म्हणून त्याचा उलगडा आधी केलेला बरा.

मूळ पाठात आज्ञांना क्रमांक नाहीत. त्या दहा आहेत, एवढेच पवित्र शास्त्र सांगते (निर्गम ३४:२८; अनुवाद ४:१३). पहिली कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते, हे ते सांगत नाही. यहुदी परंपरेने, मिसर देशाच्या दास्यातून सोडविणारा तो परमेश्वर मीच, या आत्मपरिचयालाच पहिले स्थान दिले आणि अन्य दैवते व मूर्ती यांविषयीचा निषेध दुसऱ्या स्थानी एकत्र ठेवला. पूर्वेकडील ग्रीक परंपरेच्या ख्रिस्तसभांनी, आणि पुढे कॅल्विनच्या वळणाच्या व अँग्लिकन मंडळ्यांनी, अन्य दैवतांविषयीची आज्ञा पहिली व मूर्तींविषयीची दुसरी मानली. संत अगस्तीन (इ. स. ३५४ ते ४३०) यांनी ही दोन्ही वचने एकाच आज्ञेचे दोन पदर समजून पहिल्या स्थानी ठेवली आणि लोभाविषयीच्या वचनाचे दोन भाग केले. तीच गणना कॅथलिक ख्रिस्तसभेने, तसेच मार्टिन लूथर यांच्या अनुयायांनीही स्वीकारली. तेव्हा गाळले कोणीच काही नाही; मोजण्याची रीत तेवढी निराळी आहे. शेवटचे दोन भागही ओढूनताणून केलेले नाहीत. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शेजाऱ्याच्या पत्नीचा उल्लेख प्रथम येतो आणि त्याचे घर, शेत, गुरेढोरे यांच्यासाठी हिब्रू भाषेत निराळे क्रियापद वापरलेले आहे. पत्नी ही घरदार आणि गुराढोरांच्या यादीतील एक वस्तू नव्हे, हे या भेदातून दिसते, आणि नववी व दहावी आज्ञा वेगळ्या मोजणाऱ्या परंपरेने ते जपले आहे, असे आम्हांला वाटते.

तथापि शेजाऱ्याच्या त्या वाक्यात निराळ्याच प्रकारचा खरेपणा आहे. आम्ही आज्ञा गाळली नाही. पण आम्ही ती आखडली. लहान मुलांच्या तोंडी बसावे म्हणून धर्मशिक्षणाच्या पुस्तकांनी आज्ञांची सुटसुटीत रूपे केली. ती करणे आवश्यकच होते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ख्रिस्तपुराणा'त जुन्या कराराची कथा मराठी ओव्यांतून विस्ताराने गायिली. पण त्याच फादर स्टीफन्स यांना गोव्याच्या सामान्य ख्रिस्ती जनांसाठी कोकणीत प्रश्नोत्तररूप छोटी पुस्तिकाही लिहावी लागली, आणि ती त्यांच्या निधनानंतर १६२२ मध्ये छापली गेली. कथा ऐकण्यासाठी असते आणि पाठांतर जन्मभर जवळ बाळगण्यासाठी. मात्र पाठांतर ही एक पुरचुंडी आहे. पुरचुंडी बांधताना काय बाहेर राहिले, हे मोठेपणी पाहावयास हवे. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या, दोघांच्याही पाठांतरातून जे बाहेर राहिले आहे, त्याविषयी आम्हांला येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम 'आज्ञा' या शब्दाविषयीच. हिब्रू शास्त्रात या दहांना 'आज्ञा' असे म्हटलेले नाही. 'शब्द' किंवा 'वचने' असे म्हटले आहे. दहा वचने! सोलापूरच्या मातीला 'वचन' हा शब्द परका नाही. ज्यांच्या नावाने येथे दर जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते, त्या बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांची कन्नड वचने या भूमीचा ठेवा आहेत. वचन म्हणजे अनुभवातून आलेला बोल. आणि मराठीत वचन म्हणजे दिलेला शब्दही. 'आज्ञा' म्हटली की आमच्यासमोर दरडावणारा अधिकारी उभा राहतो. या शहराने तसल्या आज्ञाही पाहिल्या आहेत. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळून जाताना आम्हांला अनेकदा वाटते की, भीतीच्या बळावर काढलेला हुकूम किती अल्पायुषी असतो!

सीनायवरील वचनांची जात निराळी आहे. तेथे परमेश्वर हुकूम सोडण्यापूर्वी स्वतःची ओळख देतो, आणि ती राजा म्हणून नव्हे, तर सोडविणारा म्हणून. प्रथम सुटका, मग वचने. इस्राएल लोकांनी आज्ञा पाळल्या म्हणून त्यांना मिसरातून सोडविले असे घडले नाही. त्यांना सोडविले आणि मग, सुटलेल्या माणसांनी कसे राहावे, हे सांगितले. ही वचने म्हणजे दास्यात पुन्हा न पडण्याची आणि दुसऱ्याला दास्यात न पाडण्याची रीत आहे. हा क्रम ध्यानात घेतला म्हणजे दहाही वचनांचा अर्थ पालटतो, आणि सर्वांत अधिक पालटतो तो विसाव्याच्या दिवसाच्या वचनाचा.

आमच्या पाठांतरात हे वचन अगदी थोडक्या शब्दांचे आहे: प्रभूचा दिवस पवित्र पाळावा. मूळ ग्रंथात मात्र दहा वचनांतील सर्वांत दीर्घ म्हणावे असे ते आहे, आणि ते दोन ठिकाणी दोन निरनिराळ्या कारणांसह आले आहे. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात कारण सृष्टीचे आहे: परमेश्वराने सहा दिवसांत सर्व काही निर्माण केले आणि सातव्या दिवशी तो विसावला, म्हणून माणसाने विसावावे. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात कारण इतिहासाचे आहे: तू स्वतः मिसर देशात दास होतास हे आठव, आणि तुझा दास व तुझी दासी यांनाही तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. एक कारण वर, देवाकडे पाहावयास लावते. दुसरे खाली, आपल्या अंगणात राबणाऱ्या हातांकडे. दोहोंपैकी एकही सोडले तर वचन अपुरे राहते.

आता या वचनातील यादी पाहा. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझे गाढव, तुझी इतर गुरे आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका माणूस. पाठांतरातून गळले ते हेच! आम्ही 'पवित्र पाळणे' तेवढे ठेवले आणि दासी, बैल व परका यांना वेशीबाहेर काढले. आमच्या शेतकरी समाजाला बैलाच्या विसाव्याचे मोल कळते. पोळ्याला किंवा बेंदराला त्याच्या खांद्यावर जू ठेवीत नाहीत. आणि सोलापूरच्या दक्षिणेकडील अनेक लिंगायत शेतकरी कुटुंबांत सोमवारी बैल औताला न जुंपण्याची चाल पूर्वापार चालत आलेली आहे. ज्यांनी सीनायचे नावही ऐकले नव्हते त्यांनी मुक्या जनावराचा वार पाळला. मग ज्यांना ते वचन साक्षात लाभले, त्यांनी घरातील कामकरी माणसाचा वार विसरून कसे चालेल?

या यादीत एक गोष्ट चकित करणारी आहे. तीत पत्नीचे नाव नाही. 'तू' या संबोधनात ती समाविष्ट आहे, असे भाष्यकार सांगतात, आणि ते योग्यच आहे; कारण तिला वगळून दासीला विश्रांती द्यावी, असा अर्थ कोणी करणार नाही. परंतु आमच्या घरांत प्रत्यक्ष काय दिसते? मिस्सा आटोपून घरी आले की पुरुषमंडळी वर्तमानपत्र उघडतात, मुले खेळावयास जातात, आणि गृहिणीचा आठवड्यातील सर्वांत कष्टाचा दिवस सुरू होतो. रविवार म्हणजे मटण, रविवार म्हणजे पाहुणे, रविवार म्हणजे आठवड्याचे साचलेले धुणे. भाष्यकारांनी 'तू' मध्ये जिचा समावेश केला, तिला आम्ही रविवारच्या विसाव्यातून हळूच बाहेर ठेवले आहे.

विसाव्याचे हे वचन सोलापुरास विशेष लागू पडते, कारण हे शहर श्रमावर उभे राहिले. १८७७ साली येथे जुनी गिरणी सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या आणि मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू बोलणारी माणसे भोंग्याच्या तालावर उठू-बसू लागली. त्या पहिल्या पिढीच्या कामगाराला ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. ती मिळावी म्हणून मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी चळवळ उभारली. सत्यशोधक विचारांचे लोखंडे 'दीनबंधू' पत्राचे संपादक होते आणि १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना स्थापन केली. त्यांच्या प्रयत्नांना यश येऊन १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मान्य झाली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने, आठवड्याच्या सुट्टीला सरकारी मान्यता लाभली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीच्या समर्थनार्थ मांडले गेले होते असे सांगतात. आणि त्याच १८९१ च्या १५ मे रोजी रोमहून पोप तेरावे लिओ यांचे 'रेरुम नोव्हारुम' हे कामगारांविषयीचे परिपत्रक प्रसिद्ध झाले. त्यात योग्य वेतनाबरोबरच विसाव्याच्या दिवसाचा हक्कही सांगितला आहे. एकीकडे जोतीराव फुले यांच्या विचारांचा वारसा सांगणारा मराठी कार्यकर्ता आणि दुसरीकडे ख्रिस्तसभेचा प्रमुख पुरोहित. दोघांची भेट कधी झाली नाही, पण दोघांनी एकाच सुमारास एकाच माणसासाठी एकच गोष्ट मागितली. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप चौदावे लिओ यांनी हे नाव धारण करताना त्याच परिपत्रकाचे स्मरण केले, ही गोष्ट आमच्यासारख्या गिरणगावच्या माणसांना विशेष जवळची वाटली.

आमचे वडील येथील एका गिरणीत दुरुस्ती खात्यात फिटर होते. गिरणी रविवारी बंद. पण यंत्रे बंद असतील तेव्हाच त्यांची दुरुस्ती होणार! म्हणून इतरांचा सुट्टीचा दिवस हा त्यांच्या खात्याचा कामाचा दिवस. ते पहाटेच्या मिस्सेला जाऊन, तेलकट डबा सायकलला अडकवून, तसेच कामावर जात. सोमवारी त्यांना सुट्टी असे, आणि त्या दिवशी सायंकाळी ते आम्हां भावंडांना घेऊन रोझरी म्हणत. "आज आपला रविवार," असे ते म्हणत. त्या वेळी ते वाक्य आम्हांला गमतीचे वाटे. आज वाटते की, आज्ञेचा अर्थ त्यांनी पुस्तकाविनाच लावला होता. रेल्वेतील गार्ड, इस्पितळातील परिचारिका, पाणीपुरवठ्यावरील कर्मचारी यांनी रविवारी काम थांबविले तर इतरांचा विसावा नव्हे, जीवच धोक्यात येईल. प्रभु येशूने शब्बाथ दिवशी रोग्यांना बरे केले आणि शेतातून जाताना भुकेल्या शिष्यांनी कणसे मोडली तेव्हा त्यांची बाजू घेतली. शब्बाथ माणसाच्या हितासाठी आहे, ही त्याची शिकवण मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आली आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार शनिवारी सायंकाळच्या मिस्सेत सहभागी होऊनही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. ती सवलत अशाच कामकऱ्यांना विशेष उपयोगी पडते.

परंतु या वचनाला आणखी एक बाजू आहे. सहा दिवस काम करावे, असेही ते सांगते. जुनी गिरणी १९६० च्या दशकात बंद पडली आणि पुढील दशकांत इतर मोठ्या गिरण्यांचे भोंगेही एकेक करून थांबले. ज्यांनी रविवारची वाट पाहिली होती, त्यांच्या वाट्याला न संपणारा रविवार आला. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी दिवसभर उभी असलेली चाळिशीतील माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या त्या रिकामपणाला विसावा म्हणणे क्रूरपणाचे ठरेल. सहा दिवसांचे काम असेल तरच सातव्या दिवसाला गोडी असते. काम हिरावून घेणे आणि विसावा हिरावून घेणे, या दोन्ही गोष्टींनी हे एकच वचन मोडते.

गिरण्या थांबल्यावर घर चालविले ते पुष्कळ ठिकाणी बायकांनी, आणि सोलापुरात त्याचे साधन होते विडी. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली पाने, बोटांत दोरा. स्वयंपाक, मुले, पाणी भरणे यांच्या मधल्या वेळात हजाराचा आकडा गाठावयाचा. मजुरी हजारामागे. वळलेल्या विड्या पोहोचत्या करावयाच्या तेव्हा त्यांतील काही वाईट म्हणून छाटात जावयाच्या. १९६६ साली विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. पण घरी बसून विड्या वळणारीच्या उंबऱ्यावर सुट्टीचा भोंगा कोण वाजविणार?

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत हाच विषय निघाला. त्या दिवशी आज्ञांवर चर्चा होती, आणि रविवारच्या मिस्सेला उपस्थिती घटत असल्याबद्दल आम्ही सर्वच जण जरा गंभीरपणे बोलत होतो. मागे भिंतीला टेकून बसलेली एक बाई बराच वेळ ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "मिस्सेला यायचं तर जाऊन-येऊन पाचशे विड्या कमी होत्यात, फादर. सोमवारी माल द्यायचा असतो. देव रागावंल का?"

बैठकीत कोणी काही बोलेना. फादर वयाने तरुण होते. पण त्यांनी घाईने उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "बाई, देव तुमच्यावर रागावणार नाही. तुम्हांला पाचशे विड्यांचा हिशेब करावा लागतो, यावर तो रागावला असेल." मग त्यांनी अनुवादातील तो भाग काढून मोठ्याने वाचावयास सांगितला. दास आणि दासी यांच्या विसाव्याविषयीचे शब्द आले तेव्हा त्या बाईने मान वर केली. "हे आमच्याबद्दल लिवलंय व्हय?" तिने विचारले. ती जन्माने कॅथलिक होती, दहा आज्ञा तिला तोंडपाठ होत्या. परंतु त्यांत आपलाही उल्लेख आहे, हे तिला पन्नाशीत प्रथमच समजत होते.

त्या बैठकीने आम्हांला आज्ञा वाचण्याची एक रीत शिकविली. एक आज्ञा दुसरीपासून तोडून वाचता येत नाही. त्या बाईला तिसरी आज्ञा पाळता यावी यासाठी दुसऱ्या कोणी सातवी पाळली पाहिजे. चोरी न करण्याची आज्ञा म्हटली की आमच्या डोळ्यांसमोर पाकीटमार येतो; पण ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीप्रमाणे अन्यायाचे वेतन देणे, वेतन अडकवून ठेवणे, दुसऱ्याच्या अडचणीचा फायदा घेऊन भाव पाडणे, हे सारे सातव्या आज्ञेचेच भंग आहेत. शेतमजुरांची अडविलेली मजुरी देवाच्या कानापर्यंत आक्रोश करते, असे संत याकोबने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. ज्याची मजुरी नगावर आहे, त्याच्या दृष्टीने विसावा म्हणजे उपास. पोटभर मजुरी मिळाल्याखेरीज विसाव्याचा उपदेश करणे म्हणजे भुकेल्याला पचनाचे नियम सांगण्यासारखे आहे.

मग आम्ही सामान्य कुटुंबांनी करावे काय? आमच्यापैकी कोणी कारखानदार नाही, कोणी कायदे करीत नाही. हे खरे, परंतु आमच्या वेशीच्या आतही कोणी राबत असतेच. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात या आज्ञेच्या विवेचनात एक फार व्यवहारी सूचना आहे: दुसऱ्याला प्रभूचा दिवस पाळता येणार नाही अशा अनावश्यक मागण्या आपण त्याच्याकडे करू नयेत. ही सूचना आपल्या घराच्या दारात उभी करून पाहावी. धुणेभांडी करणारी बाई रविवारीही येते ना? ती मुसलमान असेल, पद्मशाली असेल, लिंगायत असेल. विसाव्याच्या वचनाने दासीचा धर्म विचारलेला नाही, परक्यालाही त्यात जागा दिलेली आहे. तिला रविवारी किंवा तिच्या सोयीच्या दुसऱ्या एखाद्या वारी सुट्टी द्यावी, आणि तिचा पगार कापू नये. चार भांडी आपण घासली तर आपले पावित्र्य कमी होणार नाही. आमच्या माहितीतील काही कुटुंबांनी हे सुरू केले आहे. त्यांतील एका घरची मुलगी सांगत होती की, रविवारी आता भांडी बाबा घासतात, आणि मिस्सेतील प्रवचनापेक्षा त्यांच्या ताटांचा आवाज अधिक लक्षात राहतो.

आमच्या आईचीही एक रीत होती. शनिवारी दुपारी ती ज्वारीच्या पातळ भाकऱ्या थापी आणि तव्यावर भाजून झाल्या की मंद निखाऱ्यांवर उभ्या करून त्या पापडासारख्या कडक होऊ देई. सोलापूरची कडक भाकरी पुष्कळ दिवस टिकते, हे या भागात सर्वांना ठाऊक आहे. शेंगांची चटणी कुटलेली असेच. रविवारी चूल पेटत नसे. मिस्सेहून आल्यावर भाकरी मोडून, तीवर दही आणि चटणी घेऊन आम्ही सारे, आईसुद्धा, एकाच वेळी जेवावयास बसत असू. इस्राएल लोकांना रानात मान्ना मिळे, तेव्हा सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करून सातव्या दिवसासाठी शिजवून ठेवावे लागे, ही कथा निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात आहे. आईने ती कथा ऐकून ही रीत पाडली की, तिच्या आईकडून ती आली, हे आम्ही तिला कधी विचारले नाही. पण 'तू' या शब्दात गृहिणीही येते, या भाष्याला आमच्या घरी कडक भाकरीचा आधार होता.

रविवार देवासाठी की विश्रांतीसाठी, असा वाद कधीकधी घातला जातो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३१ मे १९९८ च्या 'दिएस दोमिनी' या पत्रात रविवारचे विवेचन करताना उपासना, विसावा आणि परोपकार यांची सांगड घातली आहे. ख्रिस्त मृत्यूतून उठला तो आठवड्याचा पहिला दिवस, म्हणून आपण शनिवारऐवजी रविवार पाळतो. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली त्याला राज्याच्या सुट्टीचे रूप दिले, त्याच्या कितीतरी आधीपासून, कामाचा दिवस असूनही, ख्रिस्ती माणसे त्या दिवशी एकत्र जमत होती. पुनरुत्थान म्हणजे अंतिम दास्यातून, मृत्यूच्या दास्यातून, सुटका. मिसरातून सुटलेल्यांनी जर आपल्या दासीला विसावा द्यावयाचा होता, तर मृत्यूतून सुटलेल्यांवर ती जबाबदारी अधिकच येते. ख्रिस्तप्रसादाच्या मेजावर मालक आणि मोलकरीण यांना सारखीच भाकर मिळते. त्या मेजावरून उठून घरी आल्यावर लगेच दोघांच्या वाटा वेगळ्या व्हाव्यात, हे त्या मेजाच्या यजमानास रुचेल काय?

शेजाऱ्यांशी आमचा आकड्यांचा वाद आता राहिलेला नाही. ती तिसरी असो वा चौथी. दोन्ही घरांच्या पाठांतरातून तीच माणसे गळली आहेत, आणि ती परत आणण्याचे काम दोन्ही घरांना मिळून करता येण्यासारखे आहे. मुलांना संक्षिप्त रूप अवश्य पाठ करून द्यावे. पण ती मोठी झाली की एखाद्या रविवारी सायंकाळी घरातले बायबल काढून निर्गमाचा विसावा आणि अनुवादाचा पाचवा अध्याय त्यांच्याकडून सावकाश वाचून घ्यावा, आणि यादीतील एकेका नावापाशी थांबून विचारावे: आपल्या घरी ही दासी कोण? हा परका कोण? आणि आज त्यांचा विसावा कोठे आहे?